दहा वाजता खिडक्या बंद

आयुष्यभर काय केलं, असं कुणी विचारलं की मी सांगते, "पलंगावर चादरी घालायला शिकवलं." ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरतो आणि शेवटी हमखास विचारतो, "पण त्यात शिकवण्यासारखं असतं काय?" या एका प्रश्नावर मी उभी नोकरी काढली.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात आमची संस्था होती. हॉटेलात लागणारी कामं तिथे शिकवत. कुणी स्वयंपाक शिके, कुणी वाढप, कुणी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायला. माझ्याकडे होती गृहव्यवस्था, म्हणजे पाहुण्याची खोली. कागदावर हे नाव भारदस्त दिसे, मुलं मात्र त्याला 'झाडू-पोछा' म्हणत. पहिल्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलांचे चेहरे सुतक असल्यासारखे असायचे. घरी आईनं पांघरुणाची घडी करून दिलेली पोरं ती! त्यांना मी सांगे, बाबांनो, पाहुणा तुमच्या हॉटेलात जेवतो अर्धा तास, पण खोलीत राहतो सगळा दिवस. भाजीत मीठ कमी पडलं तर तो मागून घेईल. उशीवर दुसऱ्याचा केस दिसला तर मात्र आयुष्यभर विसरणार नाही.

चादर घालण्याचंही एक शास्त्र आहे. चादरीची मधली घडी पलंगाच्या बरोबर मधोमध यायला हवी. कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, लोंबू द्यायचा नाही. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. "पलंगाला फेरी एकच," मी म्हणत असे, "तो काही मारुती नाही." नवखा मुलगा सात-आठ फेऱ्या मारायचा आणि तरी चादर रडक्या तोंडाची दिसायची.

सरावासाठी आमच्याकडे सहा खोल्या होत्या आणि त्यांत खरेखुरे पाहुणे उतरत. हिवाळी अधिवेशनात सरकारी साहेब येत, एरवी व्यापारी. एकदा गोंदियाचा एक भांड्यांचा व्यापारी इतवारीच्या बाजारात मालाला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत जाऊन बघितलं तर पलंगाला सुरकुती नाही आणि शेटजी खाली सतरंजीवर. मी घाबरले, म्हटलं ढेकूण निघाले की काय! तर ते हात जोडून म्हणाले, "ढेकूण नाई जी. एवढं सुंदर अंथरून घातलं होतं का मले मोडाची हिंमतच झाली नाई."

ते अंथरूण गुलाबनं घातलेलं होतं. पुढे आठ दिवस तो जमिनीपासून वीतभर वरून चालत होता.

गुलाब कन्हान नदीच्या पलीकडल्या एका खेड्यातला. घरची शेती होती, चार भाऊ ती बघायला होते, म्हणून हा पाचवा शहरात आला. हात चांगले मोठे, नांगर धरणारे, पण चादरीला लागले की हलके व्हायचे. त्याच्या फेरीत मी कधी चूक काढू शकले नाही. गावात मात्र त्याची टिंगल व्हायची. पारावरची माणसं विचारत, "काहून गा गुलाब, आज किती गाद्या झटकल्या?" हे तोच मला हसत सांगायचा, पण हसणं ओठांपुरतंच असायचं.

आता माझ्या नोट्सबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं.

आम्हाला शिकवायला दिलेलं पुस्तक विलायती होतं. त्यात लिहिलं होतं, खोलीत शिरल्याबरोबर खिडक्या उघडाव्यात आणि शक्य तितका वेळ उघड्या ठेवाव्यात. मी ते वाचून मोठ्यानं हसले होते. मे महिन्यात नागपुरात दुपारी खिडकी उघडी ठेवून दाखव म्हणावं त्या लेखकाला! आपल्याकडे शहाणं माणूस सकाळी दहाच्या आत घर बंद करतं. खिडक्या लावायच्या, पडदे पाडायचे, फरशीवर पाणी शिंपडायचं, वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या, आणि मग बाहेर आग पाखडू दे, आत थंडगार. माझ्या आजोळी हेच होतं, माझ्या घरी हेच होतं. म्हणून मी स्वतःच्या नोट्स तयार केल्या, मराठीत, अठरा पानी. सायक्लोस्टाइल करून प्रत्येक मुलाला दिल्या. चौथ्या पानावर ठळक अक्षरांत होतं: 'दहा वाजता खिडक्या बंद. पडदे खाली. फरशीवर पाणी.' त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. हे उन्हाळ्याच्या चार महिन्यांपुरतं, असं काही मी लिहिलं नाही. नागपूरपुरतं, असंही लिहिलं नाही. माझ्या डोक्यात जग म्हणजे नागपूरच होतं.

मुलं त्या नोट्स पाठ करत. मला त्या नोट्सचा अभिमान होता, उगाच कशाला लपवू? विलायती पुस्तकाला मी सिव्हिल लाइन्समध्ये बसून दुरुस्त केलं होतं.

एका वर्षी आमच्या प्राचार्यांकडे पत्र आलं. अंदमान बेटावर प्रवाशांसाठी एक पाहुणेघर उघडलं होतं, बारा खोल्यांचं, समुद्राच्या काठावर. तिथे शिकलेला माणूस मिळत नव्हता. खोल्यांची जबाबदारी घेईल असा एक जण हवा होता, सहा महिने काम बघून कायम करणार होते. मी गुलाबचं नाव दिलं. त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. तसा तो मीही पाहिलेला नव्हता, हे पुढे महाग पडलं.

गावात बातमी गेली आणि वेगळाच गोंधळ झाला. अंदमान म्हटल्यावर लोकांना एकच गोष्ट ठाऊक. गुलाबचे वडील, हरबाजी, धोतर सावरत संस्थेत आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "मॅडम, खरं सांगा जी. पोट्ट्यानं काही गुन्हा केला काय?"

"छे! गुन्हा कशाचा?"

"मंग त्याले काळ्या पाण्यावर काहून पाठवून राहिले?"

त्यांना समजावता समजावता माझा तास बुडाला. शेवटी ते हसले, मी हसले आणि गुलाब मद्रासला जाऊन बोटीत बसला.

चार महिने सगळं सुरळीत होतं. गुलाबची अंतर्देशीय पत्रं यायची. समुद्र कन्हान नदीसारखाच आहे फक्त दुसरा काठ नाही, असं त्यानं लिहिलं होतं. आणि मग एका सोमवारी पाहुणेघराच्या मॅनेजरसाहेबांचं पत्र प्राचार्यांच्या टेबलावर पडलं. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि ते माझ्याकडे सरकवलं.

पत्रातली हकीकत अशी होती. पावसाळ्यात पाहुणे नसतात म्हणून मॅनेजरसाहेब तीन आठवड्यांसाठी कलकत्त्याला सामान आणायला गेले होते. एरवी पाहुणे स्वतःच खिडक्या उघड्या ठेवत; आता खोल्या रिकाम्या आणि मागे सगळा कारभार गुलाबकडे होता. ते परत आले तर बाराच्या बारा खोल्यांतल्या गाद्यांवर हिरवट बुरशी. उशांवर बुरशी, पडद्यांना वास, लाकडी कपाटं फुगलेली. गुलाब रोज सकाळी दहा वाजता साऱ्या खिडक्या लावून घेत होता आणि फरशीवर पाणी शिंपडत होता. महिन्याभरात मोठे पाहुणे यायचे होते. 'असे का केलेस विचारले,' मॅनेजरसाहेबांनी लिहिलं होतं, 'तर एवढेच म्हणतो की चूक माझी आहे. पुढच्या बोटीने त्याला परत पाठवतो आहे. यापुढे आपल्या संस्थेतून कोणी नको.'

त्या बेटावर हवेतच इतकं पाणी असतं की मिठाच्या बरणीत मीठ कोरडं राहत नाही, हे मला कोण सांगणार होतं? आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? गुलाबनं माझं चौथं पान शब्दशः पाळलं होतं. गोष्ट एवढीच होती.

दुपारच्या टपालानं त्याचं पत्र आलं. 'मॅडम, माझ्या हातून मोठी गलती झाली. इथले मदतनीस म्हणत होते, खिडक्या उघड्या ठेव. मले वाटलं, हे आळशी आहेत. कोणी काही विचारलं तरी तुमच्या नोट्सचं मी नाव घेतलं नाही. घेतलं तर आपल्या शाळेतून इथं कोणाले बोलावणार नाहीत. घरी काही सांगू नका. मी येऊन सांगीन.'

ते पत्र वाचून मला रडू आलं. पण रडण्यापलीकडे मी काही केलं नाही, हे इथे लिहायलाच हवं. प्राचार्य म्हणाले, "मुलगा स्वतःच म्हणतोय ना चूक त्याची? मग आपण कशाला ओढवून घ्यायचं? संस्थेचं नाव आहे." मी मान हलवली. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी वर्गात उभी राहून कोपरे दुमडायला शिकवत होते आणि चौथं पान आलं की पान उलटत होते. आज इतक्या वर्षांनीही त्या दोन दिवसांची मला लाज वाटते.

बुधवारी हरबाजी आले, खांद्यावर संत्र्यांचं पोतं घेऊन. तोंडभर हसत होते. गुलाबचं लग्न ठरत होतं. शेजारच्याच गावची मुलगी, नाव कमल. येत्या रविवारी सुपारी फोडायची होती. त्यासाठी मुलगा हजर असायची गरज नसते, दोन्हीकडची वडीलमाणसं बसली की झालं. "पण मॅडम," हरबाजी म्हणाले, "पोरीकडचे लोकं बिचकून राहिले. म्हणतात, बेटावरची नोकरी म्हणजे काय भरोसा? तुम्ही या जी रविवारी. तुम्ही सांगितलं म्हणजे पक्कं. तुमच्यामुळंच पोट्टा लायनीले लागला."

मी त्यांना चहा दिला. ते गेले, आणि मी तशीच उठून तारघर गाठलं. प्राचार्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि मला ते बरं वाटलं असतं, म्हणूनच विचारलं नाही. तार केली: 'दोष माझा. खिडक्या बंद करायला मी शिकवले. गुलाबला परत पाठवू नका. पत्र येत आहे. गाद्या वाचतील.'

गाद्या वाचतील, हे लिहून बसले खरी, पण कशा वाचतील याचा पत्ता नव्हता. तशीच आमच्या स्वयंपाक विभागातल्या परबमास्तरांकडे गेले. ते रत्नागिरीचे. सगळं ऐकून त्यांनी हातातला झारा खाली ठेवला आणि पोट धरून हसले. "अहो बाई, आमच्याकडे पावसात घर चार दिवस बंद ठेवलं तर चपलांना दाढी येते! पाणी कसलं शिंपडता?"

"हसू नका हो, मास्तर. उपाय सांगा."

मग त्यांनी नीट सांगितलं. गाद्या आडव्या ठेवायच्या नाहीत, भिंतीपासून हातभर अंतर सोडून उभ्या करायच्या. समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या म्हणजे वारा आरपार जातो. दारं सताड उघडी ठेवून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. बुरशी कोरड्या ब्रशनं बाहेर नेऊन झटकायची, मग सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, फडक्यानं पुसायचं, आणि ऊन दिसलं की सगळं सोडून आधी गाद्या बाहेर. मी ते सगळं लिहून काढलं, माझं चौथं पान फाडून सोबत जोडलं, त्यावर सही केली आणि विमानानं जाणाऱ्या टपालात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना सांगितलं. ते चष्मा काढून पुसत बसले. "तुम्ही संस्था बुडवणार," एवढंच म्हणाले. पुढले काही दिवस माझ्याशी बोललेच नाहीत.

रविवारपर्यंत बेटावरून काही उत्तर आलं नाही. बोट कधी सुटणार तेही ठाऊक नव्हतं. मला जायचं नव्हतं, पण न जाणं म्हणजे पुन्हा तेच, तोंड लपवणं. कन्हानपर्यंत बसनं आणि पुढे हरबाजींनी पाठवलेल्या बैलबंडीतून गेले. कमलच्या घरी ओसरीवर दोन्हीकडची मंडळी बसलेली. तबकात सुपारी, कुंकू, नारळ. मला खुर्ची दिली, बाकी सगळे खाली. कमलचे आजोबा, पांढऱ्या मिशांचे, माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "मॅडम, आमाले एकच सांगा. नोकरी पक्की आहे ना जी?"

"होय" म्हटलं असतं तर सुपारी तिथेच फुटली असती. हरबाजी तर आधीच होकाराची मान हलवून बसले होते.

मी म्हटलं, "आज मला ठाऊक नाही." आणि सगळं सांगितलं. बुरशी, खिडक्या, माझं चौथं पान, गुलाबनं माझं नाव न घेणं, मी केलेली तार. ओसरीवर सुपारी पडली असती तरी आवाज आला असता, पण ती तबकातच होती. आतल्या दाराशी बायका उभ्या होत्या. त्यांतली कमल कोणती हे मला कळलं, कारण ती एकटीच माझ्याकडे नाही, आजोबांकडे बघत होती.

आजोबा म्हणाले, "म्हणजे पोट्टा कदाचित वापस येईन."

"कदाचित येईल."

"मंग आज सुपारी नाई फुटत." ते उठले. आत जाता जाता थांबले आणि हरबाजींना म्हणाले, "आमी सोयरीक मोडली नाई म्हटलं. तार येऊ द्या."

हरबाजी मला बसपर्यंत सोडायला आले. बस आली तेव्हा मी म्हटलं, "हरबाजी, मला माफ करा." त्यांनी खिडकीतून माझ्या पिशवीत चार संत्री टाकली आणि वळले. मला त्यांचे शिव्याशाप परवडले असते, ती संत्री परवडली नाहीत.

गुरुवारी तार आली. शिपायानं ती वर्गात आणून दिली तेव्हा माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. तार इंग्रजीत होती, मजकूर एवढाच: 'गुलाब राहतो आहे. गाद्या वाळत आहेत. सुधारलेल्या नोट्स पाठवा.'

मी समोरच्या पलंगावर बसले. नुकत्याच घातलेल्या, एक सुरकुती नसलेल्या चादरीवर, मुलांच्या देखत. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीसाठी मी पोरांचे कान उपटले ती मीच केली. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही. मुलांपैकी कुणीतरी पाणी आणलं. प्राचार्य आले, त्यांनी तार दोनदा वाचली, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्या संस्थेची परंपराच आहे ही, चूक कबूल करण्याची." संध्याकाळपर्यंत ती तार सूचनाफलकावर लागली होती! पण ती खाली उतरवून घेऊन शुक्रवारी मी पुन्हा कन्हानची बस धरली आणि कमलच्या घरी गेले. या वेळी खुर्ची नको म्हटलं, खालीच बसले. आजोबांनी तार हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, वाचता येत नसताना बराच वेळ बघितली, आणि नातवाला म्हणाले, "आण रे ते तबक."

मॅनेजरसाहेबांचं पत्र मागाहून आलं. 'तो म्हणतो चूक त्याची, तुम्ही म्हणता तुमची,' त्यांनी लिहिलं होतं. 'मग मी रागवायचे कोणावर? शिवाय तीन आठवडे मी जागेवर नव्हतो, ती चूक माझी.' पुढे त्या पाहुणेघरात आमची आणखी मुलं गेली. नोट्स अठरा पानांच्या एकोणीस झाल्या. चौथ्या पानावर आता पहिलं वाक्य होतं: 'आधी बाहेर जा. हवा कशी आहे ते बघा. तिथल्या माणसाला विचारा.'

लग्न होऊन बेटावर गेल्यावर गुलाब आणि कमल पहिल्यांदा सुटीवर आले ते नेमके मे महिन्यात. मला भेटायला घरी आले, भर दुपारी. कमलनं शंख-शिंपल्यांची माळ आणली होती. मी पन्हं करायला आत गेले. घर माझ्या पद्धतीनं बंद, पडदे खाली, फरशी ओली. पन्हं घेऊन बाहेर आले आणि बरेच दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. "गुलाब, शाळेच्या नावाचं ठीक आहे, पण त्या वेळी साहेबांना नोट्स का नाही दाखवल्यास? नोकरी जायची वेळच आली नसती."

त्यानं पेला हातात फिरवला. "मॅडम, तुमच्या नोट्स खोट्या नव्हत्या जी. मीच त्याईले भलत्या गावाले घेऊन गेलो."

बोलून तो अवघडला. उठला, खिडकीशी गेला आणि रोजचंच काम असल्यासारखी त्यानं दोन्ही कवाडं सताड उघडली. नागपूरची दुपार भट्टीचं दार उघडल्यासारखी आत शिरली. पडदा फडफडला, वर्तमानपत्र उडालं.

"अवं माय!" कमल ओरडली. "बंद करा ना जी! हे बेट होय काय?"

गुलाबनं जीभ चावली आणि घाईनं कवाडाला हात घातला. "तिकडची सवय, मॅडम."

"राहू दे," मी म्हटलं. आणि ती खिडकी थोडा वेळ तशीच उघडी राहिली.